बुयाबेसचा रस्सा दाट कशाने होतो? (घरी करताना आलेली अडचण)

मृण्मयी_कोथरूड (धागाकर्ती)

नमस्कार. गेल्या वर्षी मुलाच्या पदवीदान समारंभासाठी फ्रान्समधील मार्सेलला जाणे झाले. १९१० साली सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून मारलेल्या उडीमुळे हे बंदर आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. माझीही ओळख तेवढीच होती. तेथे व्हालाँ-दे-झोफ नावाचे एक चिमुकले मच्छीमार बंदर आहे. रस्त्याच्या दगडी कमानींखालून आत शिरले की रंगवलेल्या होड्या आणि पाण्याला लागून असलेली खानावळ दिसते. त्या खानावळीत आम्ही बुयाबेस (तेथला माशांचा रस्सेदार पदार्थ) खाल्ली. आधी खोल बशीत फक्त रस्सा येतो, सोबत लसूण घासलेले खरपूस पावाचे काप आणि ‘रुय’ नावाची केशरी चटणी असते. मासे नंतर वेगळ्या ताटात येतात. तो रस्सा विटकरी रंगाचा आणि मखमलीसारखा दाट होता, आणि त्यात तेलाचा एकही तवंग नव्हता.

मागच्या रविवारी मी तो घरी करून पाहिला. कांदा, लसूण, टोमॅटो, अर्धी वाटी ऑलिव्ह तेल, केशर आणि दीड लिटर पाणी असा रस्सा करून त्यात सुरमई, पापलेट आणि कोळंबी घातली. बुयाबेस या नावाचा अर्थ ‘उकळा आणि उतरवा’ असा वाचला होता, म्हणून एक उकळी येताच आच मंद केली आणि अर्धा तास शिजवले. परिणामी सगळे तेल वर तरंगत राहिले आणि खाली पातळ लाल पाणी उरले. एका चित्रफितीत सांगितल्याप्रमाणे मग २०० मिलि क्रीम घातले, तेव्हा चव थेट लग्नातल्या टोमॅटो सारासारखी झाली. सुरमई कोरडी पडली आणि पापलेटचा भुगा झाला.

तो दाटपणा नेमका कशातून येतो? आपल्याकडचे कोणते मासे घ्यावेत? ज्यांनी हा पदार्थ मनापासून केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रेवस_ते_रेड्डी

मृण्मयीताई, तुमच्या कृतीत मासे आहेत, पण माशाचा रस कोठेच नाही. तुम्ही मासे पाण्यात शिजवलेत. बुयाबेसमध्ये दोन वेगवेगळ्या प्रकारचे मासे लागतात. पहिले मासे रश्श्यासाठी असतात, म्हणजे छोटे, काटेरी आणि स्वस्त; ते शिजून, चेचून, गाळून संपून जातात. दुसरे खाण्यासाठी, मोठ्या तुकड्यांचे. पहिला टप्पा गाळला तर पुढे काहीही घातले तरी रस्सा दाट होत नाही.

मी १४ वर्षे हॉटेलच्या मुदपाकखान्यात काढली आहेत, त्यामुळे प्रमाण देतो. सहा माणसांसाठी रश्श्याचे मासे दीड किलो घ्यावेत. आपल्याकडे त्यासाठी राणी मासा आणि ढोमा उत्तम. कोळणीकडे गोब्र्याचे किंवा तांबोशीचे डोके मिळाले तर तेही घ्यावे. डोक्यातील कल्ले मात्र काढून टाकावेत, नाहीतर रस्सा कडवट आणि काळपट होतो. बांगडा आणि तारली या कामाला घेऊ नयेत, कारण त्यांचे तेल उग्र असते आणि केशराचा वास त्याखाली दबून जातो.

दोन कांदे, बडीशेपेचा एक कंद, सहा-सात लसणीच्या पाकळ्या आणि चार टोमॅटो हे सारे १०० मिलि ऑलिव्ह तेलात नीट परतावे. मग हे मासे घालून त्यांचे मांस सुटेपर्यंत परतावे, आणि दोन लिटर उकळते पाणी ओतून २५ मिनिटे शिजवावे. माशाच्या हाडांना मटणाच्या हाडांसारखा तासन्‌तासांचा वेळ द्यायचा नसतो. अर्ध्या तासापुढे गेलात की रश्श्याला खडूसारखी चव येते.

मार्सेलवासी_माधव

मी या शहरात ११ वर्षे राहतो, त्यामुळे या विषयावर गप्प बसणे मला शक्य नाही. १९८० साली येथील काही उपाहारगृहांनी एकत्र येऊन बुयाबेसची सनद तयार केली. पर्यटकांना या नावाखाली काहीही वाढले जात होते, आणि त्याला आळा घालणे हा सनदेचा हेतू होता. तिने माशांची यादी दिली आहे आणि त्यांतील किमान चार जाती पातेल्यात असाव्यात असे म्हटले आहे. त्या यादीत रास्कास म्हणजे काटेरी विंचूमासा, सँ-पिएर, ग्रोंदँ, व्हीव्ह, बोद्र्वा आणि वामेच्या जातीतला काँग्र हे मासे येतात. शेवंड घातली तर चालते, पण ती आवश्यक नाही. मासे पाहुण्यांसमोर कापून वाढावेत असाही संकेत आहे.

सकाळी जुन्या बंदराच्या धक्क्यावर कोळी कुटुंबे निळ्या ट्रेमध्ये मासे मांडून बसतात. तेथे रास्कास प्रत्यक्ष पाहावा. विटकरी लाल अंग, सगळ्या शरीराच्या मानाने अवाढव्य डोके आणि पाठीवर विषारी काटे. मांस थोडेच निघते. त्याची खरी संपत्ती त्या डोक्यात आणि कातडीत असते. हा मासा नसेल तर उत्तम मत्स्यरस्सा होऊ शकतो, परंतु त्याला बुयाबेस म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेंगुर्ल्याची_वैजू

माधवराव, तुमच्या शहराविषयीचे प्रेम समजते, पण मला हे पटत नाही. जो पदार्थ कोळ्यांनी न विकल्या गेलेल्या माशांचा केला, होडीवरून उतरल्यावर किनाऱ्यावरच एका कढईत शिजवला, त्यातले मासे त्या दिवशी जाळ्यात जे आले तेच असणार. काटेरी, कुरूप, गिऱ्हाईक ज्याला हात लावत नाही असे मासे वापरून पोटभर आणि चवदार काही करायचे, हा त्या पदार्थाचा मूळ धर्म आहे. आज तुमच्याकडे एका ताटाला ६० युरोंहून अधिक पडतात, हे मूळच्या कोळणींना सांगितले तर त्यांना नवल वाटेल. माझी आजी विक्रीचे मासे टोपलीत भरून झाल्यावर तळाशी उरलेल्या बारक्या माशांचे कालवण करायची, आणि घरातील सर्वांत चविष्ट जेवण तेच असायचे.

मृण्मयीताईंनी पापलेट घेतले ही खरी चूक आहे, आणि ती आपण सगळे करतो. परदेशी पदार्थ म्हटला की बाजारातील सर्वांत महाग मासा उचलायचा. पापलेटचे मांस नाजूक, हाडे थोडी. या पदार्थासाठी ते वाया घालवणे आहे.

मार्सेलवासी_माधव

वैजूताई, उगमाबद्दल तुमचे म्हणणे मान्य आहे. सनद उपाहारगृहांसाठी आहे; घरोघरच्या स्वयंपाकघरांत येथेही प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. माझ्या शेजारच्या आजी बटाट्याचे जाड काप घालतात आणि त्यांच्या बहिणीला ते अजिबात खपत नाही. नावापुरता माझा आग्रह मी सोडतो, पण ‘किमान चार जाती’ हा नियम घरीही पाळावा. प्रत्येक मासा रश्श्यात काहीतरी वेगळे सोडतो. दोन जातींच्या माशांत ती खोली येत नाही.

रसायनी

मूळ प्रश्न दाटपणाचा आहे, म्हणून त्याकडे वळते.

धागाकर्तीने मंद आचेवर शिजवले आणि तेथेच तेल वेगळे झाले. एरवी आपण सार किंवा स्टॉक करताना खळखळून उकळू देत नाही, कारण त्यामुळे तो गढूळ होतो. बुयाबेसमध्ये तो गढूळपणाच हवा असतो. जोराच्या उकळीने तेलाचे अतिशय बारीक थेंब होतात आणि ते सगळ्या रश्श्यात विखुरतात. माशांच्या कातडीतून, डोक्यातून व हाडांतून सुटलेले जिलेटिन त्या थेंबांभोवती बसते, त्यामुळे ते पुन्हा एकमेकांना चिकटून वर येत नाहीत. तेल, हाडांतील जिलेटिन आणि खळखळती उकळी या तिन्हींपैकी एक जरी नसेल तरी तवंग येणारच. तुमच्याकडे तेल होते, उरलेली दोन नव्हती.

नावाबद्दल सांगायचे तर प्रोव्हाँसच्या, म्हणजे मार्सेलच्या प्रदेशाच्या, भाषेत त्यात ‘उकळणे’ आणि ‘खाली आणणे’ अशी दोन क्रियापदे आहेत हे बरोबर आहे. आच उतरवायची, पण केव्हा उतरवायची हे नावात सांगितलेले नाही. मी खाण्याचे मासे घातल्यावर उतरवते. माशाचे मांस ६० अंश सेल्सियसच्या आसपासच शिजून सुटू लागते, त्याला खळखळत्या रश्श्यात अर्धा तास ठेवले तर ते कोरडे होणारच.

पाटा_वरवंटा

रसायनीताईंनी घडी उलगडून दाखवली. वाचनखूण साठवली आहे.

रेवस_ते_रेड्डी

रसायनी यांच्याशी थोडा मतभेद नोंदवतो. खाण्याचे मासे घातल्यावरही पहिली काही मिनिटे आच मोठीच ठेवावी, कारण थंड मासे पडताच रस्सा निवतो आणि तेल पुन्हा वर येऊ लागते. कडक मासे आधी घालावेत, म्हणजे गोब्र्याचे आणि वामेचे काट्यासकट जाड तुकडे. त्यांना साधारण दहा मिनिटे लागतात. रावसासारखा मऊ मासा शेवटच्या पाच मिनिटांत घालावा आणि कोळंबी त्याहूनही नंतर. काटा काढलेले तुकडे घेऊ नयेत, ते आक्रसतात आणि फुटतात. तिसऱ्या किंवा शिणाणे असे शिंपले घालायचे असतील तर वेगळे उघडून घ्यावेत आणि त्यांचे पाणी गाळून रश्श्यात घालावे, म्हणजे वाळू येत नाही.

अनघा_डोंबिवली

रश्श्याचे मासे चेचून गाळायचे म्हणजे कसे? मिक्सरमधून काढले तर काट्यांचे बारीक तुकडे रश्श्यात राहणार नाहीत का?

रेवस_ते_रेड्डी

मिक्सर नको. काटे पिठासारखे होतात आणि रस्सा करकरीत लागतो. तेथील स्वयंपाकघरांत यासाठी हाताने फिरवायची एक चाळणी असते. ती पाहिली तेव्हा मला हसू आले, कारण ते हुबेहूब आपले पुरणयंत्र आहे. शिजलेले मासे भाज्यांसकट त्यात घालून फिरवावेत. मांस आणि रस खाली उतरतो, काटे वर राहतात. नंतर तो रस बारीक गाळणीतून डावाच्या पाठीने दाबून काढावा. अशा गाळलेल्या रश्श्याला स्वतःचाच एक दाटपणा असतो, कारण माशाचे मांस त्यात विरघळल्यासारखे मिसळलेले असते.

पाटा_वरवंटा

होळी तोंडावर आली आहे. सासूबाईंच्या पुरणयंत्रातून ढोमे काढण्यापूर्वी सर्वांनी कृपया दुसरे यंत्र विकत घ्यावे, ही कळकळीची विनंती.

उत्तरा_रुआँ

क्रीमविषयी दोन शब्द लिहिते, कारण मृण्मयीताईंनी पाहिलेली चित्रफीत अगदीच निराधार नसावी. मी नॉर्मंडीत राहते. आमच्याकडे दिएप या बंदराच्या नावाने ओळखली जाणारी ‘मार्मित दिएप्वाझ’ करतात, आणि तिच्यात क्रीम असतेच. पातेल्यात लोणी, लीक (जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी) आणि पांढरी वाइन किंवा सफरचंदाची सायडर घालतात. त्यावर सोल, बोद्र्वा, शिंपले आणि शेवटी भरपूर ताजे क्रीम. हा गाईंचा, कुरणांचा आणि लोण्याचा प्रदेश आहे, म्हणून समृद्धी दुधातून येते. दक्षिणेत ऑलिव्हची झाडे आहेत, म्हणून तेथे ती तेलातून येते. दोन्ही पदार्थ श्रीमंत आहेत आणि दोन्ही मला प्रिय आहेत, पण एकाच पातेल्यात ते एकमेकांचा नाश करतात. टोमॅटो, केशर आणि संत्र्याच्या सालीवर क्रीम ओतले की प्रत्येकाची धार बोथट होते.

याच फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, ला रोशेलच्या बाजूला, ‘मुक्लाद’ नावाचा शिंपल्यांचा पदार्थ करतात. त्याच्या क्रीमच्या रश्श्यात चिमूटभर करी पावडर घालण्याची जुनी पद्धत आहे. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा हळद आणि मेथीचा ओळखीचा वास आला आणि घराची फार आठवण झाली.

बोरकर_मडगाव

ज्यांना नारळाचे दूध घालण्याचा मोह होईल त्यांच्यासाठी उत्तराताईंचा हाच युक्तिवाद लागू होतो. नारळ घालून उत्तम हुमण होते, ते हुमण म्हणूनच करावे.

पावाबद्दल कोणी लिहिले नाही. मऊ स्लाइस पाव रश्श्यात पडताच लगदा होतो. गोव्यात असाल तर पोदेराकडचा कडक कवचाचा उंडो आदल्या दिवशी आणून ठेवावा, दुसऱ्या दिवशी बोटाएवढे जाड काप करून मंद ओव्हनमध्ये पूर्ण वाळवावेत. तुपात किंवा तेलात तळू नयेत. गरम असतानाच सोललेली लसणीची पाकळी त्यावर घासावी. वाळलेला पाव किसणीसारखे काम करतो आणि पाकळी पाहता पाहता झिजून जाते. त्यावर रुय लावून काप बशीत ठेवावा आणि मग वरून उकळता रस्सा ओतावा. रुय हळूहळू रश्श्यात विरघळते, आणि दाटपणाचा शेवटचा थर तेथे मिळतो.

रुय या शब्दाचा अर्थ गंज. रंग पाहिला की नाव पटते. चार लसूण पाकळ्या, एक भिजवलेली सुकी लाल मिरची, मीठ आणि केशर खलबत्त्यात कुटावे. त्यात अंड्याचे दोन बलक घालावेत आणि मग १५० मिलि ऑलिव्ह तेल, आधी थेंब थेंब आणि नंतर बारीक धारेने, एकाच दिशेने घोटत घालावे. घाई केली की फाटते.

डॉ_सुनंदा

कच्च्या बलकाविषयी सावधगिरीची सूचना देणे मला आवश्यक वाटते. गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांना कच्चे अंडे देऊ नये. बलकाऐवजी रश्श्यात शिजवलेला एक छोटा बटाटा किंवा रश्श्यात भिजवून पिळलेला पावाचा गर घालून रुय घोटता येते. प्रोव्हाँसमध्ये बटाटा आणि पाव घालून रुय करण्याची पद्धत आहेच, त्यामुळे ही तडजोड आहे असे वाटून घेऊ नये. आणखी एक गोष्ट: जेवायला येणाऱ्यांपैकी कोणाला कोळंबी-शिंपल्यांची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारावे. या पदार्थात ते बाजूला काढून वाढता येत नाही.

शमा_नागपूर

बडीशेपेचा कंद आमच्याकडे मिळत नाही. भाजीवाल्याने शेपू दिला आणि ‘तेच आहे’ असे सांगितले. चालेल का?

रसायनी

शेपू कृपया घालू नये. नावात साम्य असले तरी त्याचा वास पूर्ण वेगळा आहे. कंद नसल्यास एक चमचा बडीशेप जाडसर कुटून तेलात कांद्याबरोबर परतावी. तेथे अनेक जण शेवटी थोडे पास्तिस घालतात. १९३२ साली मार्सेलमध्येच बाजारात आलेले हे बडीशेपेच्या वासाचे मद्य आहे. घरात मद्य चालत नसेल तर चक्रीफुलाची एकच पाकळी तेवढेच काम करते, पण अख्खे फूल टाकले तर बिर्याणीचा भास होईल.

तुम्ही नागपूरच्या आहात, तेव्हा संत्र्याची साल तुमच्याइतकी ताजी कोणालाच मिळणार नाही. बोटभर पट्टी घ्यावी, आतला पांढरा भाग सुरीने खरवडून काढावा, आणि रस्सा गाळण्यापूर्वी ती बाहेर काढावी. केशर पाव ग्रॅम पुरते. ते कोमट पाण्यात वीस मिनिटे भिजवून घालावे, कारण त्याचा रंग पाण्यात उतरतो, तेलात नाही.

समीर_न्यूजर्सी

ज्यांच्या गावात कोळीणही नाही आणि धक्काही नाही त्यांच्या बाजूने लिहितो. येथे मला काटे काढलेले, गोठवलेले मासेच मिळत असत, आणि तीन वेळा माझी अवस्था मृण्मयीताईंसारखीच झाली. मग एका कोरियन दुकानात माशांची डोकी आणि सांगाडे वेगळे मिळतात असे कळले, तेही अगदी स्वस्तात. तेव्हापासून रस्सा त्यांचाच करतो, त्यात कोळंबीची डोकी आणि साले तेलात लालसर परतून घालतो. वर खाण्यासाठी बोद्र्वा आणि कॉड. वैजूताईंचा मुद्दा मला येथे परदेशात बसून पटला: जे दुकानदार टाकून देतो, तेच आधी मागून घ्यावे.

केतकी_शाकाहारी

मी अंडे खाते, मासे खात नाही. माझ्यासाठी यात काही आहे का, की हा धागा फक्त वाचूनच समाधान मानावे?

मार्सेलवासी_माधव

तुमच्यासाठी ‘बुयाबेस बोर्न्य’ आहे, म्हणजे ‘एकाक्ष बुयाबेस’. तीत मासा नसतो. कांदा किंवा लीक, लसूण, टोमॅटो, बडीशेप, संत्र्याची साल आणि केशर घालून केलेल्या पाण्यात बटाट्याचे काप शिजवतात, आणि शेवटी त्याच रश्श्यात अंडे फोडून घालतात. बशीतून ते एक डोळा उघडून पाहिल्यासारखे दिसते. जिलेटिन नसल्याने येथे दाटपणा बटाट्याच्या पिठामुळे येतो, त्यामुळे बटाटा पिठूळ घ्यावा.

मृण्मयी_कोथरूड (धागाकर्ती)

तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे. उशिराबद्दल क्षमस्व, पण हाती काही असल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

शनिवारी पहाटे मासळीबाजारात गेले. राणी मासा एक किलो, ढोमे अर्धा किलो आणि गोब्र्याचे एक डोके घेतले. कोळीणमावशींनी ‘एवढ्या बारक्या माशांचं काय करणार, ताई?’ असे विचारले, तेव्हा त्यांना सगळी कृती सांगितली. त्यांनी कल्ले स्वतः काढून दिले. खाण्यासाठी गोब्रा, वाम, रावस आणि कोळंबी घेतली, म्हणजे माधवरावांची चार जातींची अट पूर्ण झाली. पुरणयंत्र नवे आणले.

गाळलेला रस्सा पातेल्यात परत घातला तेव्हा तो तपकिरी आणि किंचित निराश करणारा दिसत होता आणि कडेने तेल जमले होते. आच पूर्ण मोठी केली. चौथ्या-पाचव्या मिनिटाला पातेल्याच्या मध्यावर फेस उसळू लागला, कडेचे तेलाचे कंगोरे आत ओढले गेले, आणि बघता बघता सगळा रस्सा अपारदर्शक, विटकरी झाला. डाव बुडवून उचलला तर त्याच्या पाठीवर रश्श्याचा पातळ थर बसून राहिला. मी ते दृश्य पाहायला यजमानांना हाक मारली. मासे अखंड राहिले. वामेचे तुकडे तर विशेष सुंदर लागले. मुलगा सुटीवर आला होता. त्याने पहिला घास घेतला आणि काही न बोलता बशी पुढे केली.

एकच गोष्ट बिघडली. रुय फाटली नाही, पण कडू झाली. मिरची कडू नव्हती, लसूणही ताजी होती. वेळ नव्हता म्हणून खलबत्त्याऐवजी मिक्सरमध्ये फिरवली होती. त्याचा संबंध असेल का?

बोरकर_मडगाव

संबंध आहे. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल मिक्सरच्या पात्यांनी जोरात फिरवले की त्यातला कडवटपणा उघडा पडतो, हे मीही दोनदा अनुभवले आहे. मिक्सर वापरायचाच असेल तर तीन भाग सूर्यफुलाचे तेल मिक्सरमध्ये घालावे आणि एक भाग ऑलिव्ह तेल शेवटी चमच्याने हलकेच मिसळावे. लसणीचा कोंब काढला होता का? जुन्या लसणीत तोही कडू लागतो.

मृण्मयी_कोथरूड (धागाकर्ती)

कोंब काढला नव्हता. उरलेला रस्सा फ्रीजमध्ये ठेवला होता, तो आज सकाळी जेलीसारखा थरथरत होता. दुपारी भातावर घेणार आहे आणि रुय पुन्हा घोटते आहे, या वेळी खलबत्त्यात.

वेंगुर्ल्याची_वैजू

भात मोकळा नको, किंचित गुरगुट्या करा. आणि रस्सा गरम करताना पुन्हा एक मोठी उकळी काढा, नाहीतर तेल वर येईल.